तीन मिनिटं बेचाळीस सेकंद

अकोल्यातले स्वतंत्र रॅप कलाकार सुगत शेषराव तेलगोटे, वय सत्तावीस, यांनी तीन मार्च रोजी सायंकाळी सहा वाजता ‘तोटी’ हे आपलं सातवं गाणं प्रसिद्ध केलं. स्वतंत्र म्हणजे गाणं लिहिणं, म्हणणं, रेकॉर्ड करणं, पोस्टर बनवणं आणि त्याखाली पहिली कमेंट टाकणं ही सर्व कामं त्यांनी स्वतः केली होती. गाण्याची लांबी तीन मिनिटं बेचाळीस सेकंद होती. पहिल्या तीन दिवसांत ते तीनशे बारा वेळा वाजलं. त्यांपैकी एकेचाळीस वेळा कलाकाराने स्वतः ऐकलं, सगळं नीट चालू आहे ना हे बघण्यासाठी. उरलेल्यांनी ते सरासरी चौदा सेकंद ऐकलं.

सुगत ‘पारा ४७’ या नावाने गातो. अकोल्याच्या उन्हाळ्याला जगात कुठे तरी किंमत मिळावी, हा त्यामागचा हेतू. रेकॉर्डिंग घरातच होतं. आईच्या लोखंडी कपाटाची दोन्ही दारं उघडायची, त्यांवर पार्वता मावशीने शिवलेली वाकळ टांगायची आणि आत तोंड घालून गायचं.

‘तोटी’ हे गाणं या मावशीबद्दलच होतं. पार्वताबाई राहतात तेल्हारा तालुक्यातल्या खारतळ गावात. तिथल्या विहिरीचं पाणी इतकं खारं आहे की त्यात डाळ शिजत नाही. गोडं पाणी दोन किलोमीटरवरच्या एका मळ्यातून डोक्यावर आणावं लागतं. मावशीच्या दारासमोर नळ आहे. त्याचं लोकार्पण दोनदा झालं आहे. पाणी एकदाही आलेलं नाही. मावशी वाकळ देताना म्हणाली होती, “बापू, माह्या नळाचं गाणं कर. मले कोनी इचारत नाई, तुह्यं त ऐकतीन.”

सुगतने शब्द दिला होता. गाणं त्याने हुशारीने बांधलं. सुरुवातीचे चौदा सेकंद नुसता जल्लोष:

“आलं रे आलं, पाणी आलं,
खारतळच्या नळाले पाणी आलं!”

पंधराव्या सेकंदाला ढोल थांबतो आणि एकच शब्द येतो: “कागदावर!” खरं गाणं तिथून सुरू होतं. जनता मात्र तोवर निघून गेलेली असे.

त्याच आठवड्यात सुगतने दाढी काढली. तसा एक फोटो टाकला. हातात आईने केलेल्या भरल्या वांग्यांची ताटली होती. फोटोला अकरा हजार लाइक मिळाले.

या घटनेची दखल शेखरने घेतली. शेखरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि सुगतचा मॅनेजर म्हणून त्याने स्वतःची नेमणूक केलेली आहे.

“पाह्य बे,” शेखर म्हणाला, “लोकायले तुह्यं गाणं नाई पायजे. तू पायजे.”

“मी म्हंजे?”

“तुही दाढी. तुह्या माईचे वांगे. तुह्या बापाची कटकट.”

“अन् गाणं?”

“राहीन न. कमेंटमंधी लिंक टाकू. दाढी पाहाले आलेला मानूस चुकून गाणं ऐकीन.”

हे तर्काला धरून होतं. त्यामुळे एक वेळापत्रक तयार झालं. सोमवारी प्रकृती, बुधवारी कौटुंबिक, शुक्रवारी भावनिक आणि रविवारी गाणं. वेळापत्रक आलं की त्याची पूर्तता आली. एका बुधवारी घरात काहीच घडलं नाही, तेव्हा वडिलांशी मतभेद घडवून आणावा लागला. शेषराव तेलगोटे तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मतभेदाला तत्त्वतः मान्यता दिली, पण पद्धतीवर आक्षेप घेतला.

“मले व्हिडिओत घ्याचं असन त अर्ज दे,” ते म्हणाले. “कोणत्या प्रयोजनासाठी, किती सेकंद, अन् भांडण कोणत्या मुद्द्यावर, ते लेखी पायजे.”

एप्रिलमध्ये सुगतची दाढ दुखू लागली. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू. शेखरने हिशेब मांडला की दाढ काढली तर एकच अपडेट होतो, रूट कॅनलला तीन बैठका लागतात. रूट कॅनल झालं. दाढेला सव्वीस हजार लोकांनी लवकर बरं होण्याच्या शुभेच्छा दिल्या. ‘तोटी’ तीनशे बारावरून तीनशे नव्वदवर गेलं. सुगतची आई मैनाबाई एवढंच म्हणाली, “पोरगं दात दुखला त जगाले सांगते. मले शेजारीन येऊन सांगते.”

मे महिन्यात सुगत मुलगी पाहायला चांदूर रेल्वेला गेला. दीक्षा अमरावतीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. पोहे झाले, नाव-गाव झालं. मग मोठी माणसं शिष्टाचारानुसार बाहेरच्या खोलीत गेली.

“तुमचं गाणं ऐकलं मी,” दीक्षा म्हणाली.

“कोणतं?”

“तोटी.”

सुगतने सवयीने विचारलं, “किती?”

“किती म्हंजे? पूर्ण.”

सुगतने पोह्यांची ताटली खाली ठेवली.

“तिसऱ्या कडव्यातली मावशी खरी हाये का?” तिने विचारलं.

“तू... तुमी तिसऱ्या कडव्यापर्यंत गेल्या?”

“रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचाची सवय हाये मले. मधातच सोडला त मानूस मरते.”

सात गाण्यांच्या कारकिर्दीतला हा पहिला श्रोता होता. सुगतने तिथल्या तिथे होकार दिला. दीक्षाने अट घातली, एकच. “मी तुमच्या मोबाइलमंधी दिसनार नाई.”

अट शेखरला कळवण्यात आली आणि त्याने ती काटेकोर पाळली. त्याने दीक्षाचा फोटो टाकला नाही. त्या भेटीतल्या चहाच्या दोन कपांचा टाकला. चेहरा नाही, हात नाही, घरसुद्धा नाही. खाली ओळ लिहिली: “भाऊनं हो म्हनाव का?” परंतु कप एका स्टीलच्या ट्रेवर होते, आणि आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव कोरल्याशिवाय ते कुणाला देत नाहीत. चाहत्यांनी फोटो मोठा करून ट्रेच्या काठावरचा मजकूर वाचला: ‘कु. दीक्षा, इयत्ता दहावी, प्रथम क्रमांक, चांदूर रेल्वे’.

दुपारपर्यंत ती वहिनी झाली. एकतीस हजार लोकांनी ‘हो’ म्हणून मत दिलं. दोन हजारांनी ‘आधी वहिनी दाखवा’ असा पर्याय स्वतःच सुचवला. वहिनी अमरावती जिल्ह्याच्या असल्याने लग्न अमरावतीतच झालं पाहिजे, असं तिकडच्या चाहत्यांनी ठणकावलं. अकोल्याने त्यावर आपल्या जिल्ह्याचं तापमान कळवलं. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या एका गृहस्थांनी सुई शिरेत असतानाच विचारलं, “तुमी पारा भाऊवाल्या वहिनी न?”

“हात सरळ ठेवा,” दीक्षा म्हणाली.

सायंकाळी तिने सुगतला फोन केला. ओरडली नाही. “तुमचं तिसरं कडवं कोनं लिहिलं होतं?” तिने विचारलं.

“मीच.”

“मले वाटलं दुसऱ्या कोनी लिहिलं असन.” आणि फोन ठेवला.

दरम्यान गाण्याचंही नशीब उघडत होतं. ते पूर्ण ऐकायला कुणी तयार नसलं, तरी पहिले चौदा सेकंद लोकांना फार आवडले. पगार जमा झाला, बस आली, लाइट आली, जावई आला, अशा प्रत्येक प्रसंगी ‘आलं रे आलं’ वाजू लागलं. अकरा हजार रील झाल्या. पंधरावा सेकंद कुठल्याच रीलमध्ये नव्हता.

त्यातली एक रील ‘घरोघरी घागर’ अभियानाच्या जनजागृती कक्षात पोचली. कक्षाचे प्रमुख महादेवराव यांनी सुगतला पत्र पाठवलं. त्यात ‘शासनाच्या जलविषयक कामगिरीचे यथार्थ कौतुक करणारे गीत’ असा उल्लेख होता आणि भेटीस बोलावलं होतं.

“छान गाणं आहे,” महादेवराव म्हणाले. “सकारात्मक आहे. हल्लीची मुलं उगाच टीका करतात.”

“साहेब, पूर्ण ऐकलं का तुमी?”

“पुरेसं ऐकलं.” त्यांनी एक फाइल उघडली. “तर, खारतळच्या नळाचं लोकार्पण करायचं आहे.”

“दोनदा झालं साहेब.”

“तो टप्पा एक आणि टप्पा दोन. हा तिसरा. आधीच्या दोन्ही वेळी गर्दीच झाली नाही. लोकांना पाण्यात रस राहिलेला नाही, हे आमचं निरीक्षण आहे.” त्यांनी चष्मा काढला. “आपल्याकडे गर्दी होईल असं काही कौटुंबिक आहे का?”

होतं. जून महिन्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुड्याचा विधी, ठरलेलं होतं, आणि फोन ठेवला तरी दीक्षाने ते मोडलेलं नव्हतं. महादेवरावांची कल्पना साधी होती. साक्षगंध खारतळच्या नळापाशी व्हावं, नियोजित वधूने तोटी फिरवून पहिली घागर भरावी आणि मागे ‘आलं रे आलं’ वाजावं.

“पाणी येईन न साहेब?” सुगतने विचारलं.

“पाण्याशिवाय लोकार्पण होतं का?” महादेवराव दुखावल्यासारखे म्हणाले.

सुगत अमरावतीला गेला. लॅबमधल्या बाकड्यावर बसून त्याने दीक्षाला सगळं सांगितलं. कप, ट्रे, मत, सगळ्याची माफी मागितली. मग मावशीच्या नळाचं सांगितलं. दीक्षाने हातातल्या नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली.

“ठीक हाये,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी सगळ्यायच्या मोबाइलमंधी दिसीन. पण गाणं पूर्ण वाजलं पायजे. तीन मिनिटं बेचाळीस सेकंद. एक सेकंद कमी नाई.”

“साह्यब मानीन?”

“तेवढं तुमी करा. नाईतर तुमच्या चौदा सेकंदाशी लग्न मले नाई कराचं.”

ते काम शेषरावांनी केलं. आयुष्यभराचा अनुभव पणाला लावून त्यांनी अर्ज लिहिला. विषय: लोकार्पण समारंभात ध्वनिफीत संपूर्ण वाजविणेबाबत. मधे खंड पडल्यास साक्षगंधाचे पावित्र्य भंग होत असल्याने, वगैरे. अर्ज सकाळी दिला आणि दुपारी ‘हरकत नाही’ असा शेरा, सही आणि शिक्का घेऊन परत आला.

“आयकून सही केली का त्यानं?” मैनाबाईंनी विचारलं.

“तहसिलीत तीस वर्षं काढली,” शेषराव म्हणाले. “आयकून सही करनारा साह्यब मी पाह्यला नाई.”

साक्षगंधाच्या दिवशी सकाळी अकराला खारतळमध्ये दोन हजार लोक होते. गावची लोकसंख्या नऊशे आहे. नळाला निळा रंग दिला होता, झेंडूचा हार घातला होता. नळामागे एक पडकी भिंत होती आणि भिंतीमागे एक टँकर. टँकरपासून नळापर्यंत गेलेला पाइप कडब्याच्या पेंढ्यांखाली झाकलेला होता. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. टप्पा एक आणि टप्पा दोन याच पद्धतीने पार पडले होते, आणि नवीन पद्धत सुरू करायची तर वरून आदेश लागतो.

त्रिशरण-पंचशील झालं. अंगठ्या घातल्या गेल्या. पांढऱ्या साडीतली दीक्षा पार्वता मावशीची पितळी घागर घेऊन नळाशी गेली. तिने कडबा पाहिला. भिंत पाहिली. मग सुगतकडे पाहिलं. सुगतही कडब्याकडेच बघत होता.

“तुमी हे लिहिलं होतं,” ती हळूच म्हणाली.

“आता सांगतो सगळ्यायले,” सुगत म्हणाला. “बंद करतो हे.”

“काही नोका सांगू. गाणं लागू द्या. तेच सांगीन.”

तिने तोटी फिरवली. पाणी आलं. गाणं सुरू झालं. आलं रे आलं, पाणी आलं! दोन हजार मोबाइल वर झाले. महादेवराव टाळ्या वाजवत होते.

पंधराव्या सेकंदाला ढोल थांबला आणि चार कर्ण्यांतून आवाज आला: “कागदावर!”

महादेवरावांच्या टाळ्या मधेच थांबल्या. ते ध्वनिक्षेपकवाल्या पुंजारामकडे धावले. “बंद करा! हे दुसरं गाणं लागलंय!”

पुंजारामने खिशातून कागद काढला. “साह्यब, पूर्ण वाजवाचं लिहेल हाये. सही तुमचीच हाये न?”

महादेवरावांनी सही तपासली. त्यांचीच होती. आपली सही रद्द करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यासाठी वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते, आणि त्या दिवशी रविवार होता. ते खुर्चीवर जाऊन बसले आणि निलंबनाची वाट पाहू लागले.

दुसरं कडवं झालं. तिसरं सुरू झालं.

“भित्तीमागं टँकर, कडब्याखाली पाईप,
फोटोपुरतं पाणी, फोटोपुरती लाईफ,
साह्यब निंगाला, टँकर निंगाला,
मावशीची घागर अर्धीच राह्यली!”

‘अर्धीच राह्यली’ या शब्दांना नळाने एक उचकी दिली, फुस्स केलं आणि बंद पडला. टँकरमध्ये फोटोपुरतंच भरलेलं पाणी संपलं होतं. घागर अर्धी होती.

खारतळच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं होतं, पण त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं. बाहेरून आलेल्या अकराशे लोकांतून एक जण ओरडला, “काय टायमिंग हाये राजा!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी भिंतीमागे गेलं नाही. भिंतीमागे नेटवर्क नव्हतं.

पार्वताबाईंनी अर्धी घागर दीक्षाच्या हातून घेतली. “बापू,” त्या सुगतला म्हणाल्या, “गान्यात होतं तसंच झालं न?”

“हो मावशी.”

“मंग यायनं आयकलं नाई का?”

सुगत उत्तर देणार होता, एवढ्यात शेखर फोन नाचवत आला. “पारा, एक लाख! दहा मिनिटांत एक लाख!” आणि सुगतने, सवयीने, फोनकडे पाहिलं. मग मान वर केली तेव्हा मावशी आणि दीक्षा, दोघी मळ्याच्या वाटेला लागल्या होत्या. घागर भरायची राहिली होती. सुगतने आपलाही फोन शेखरच्या हातात दिला आणि दुसरी घागर उचलून तो त्यांच्या मागे गेला. याचा व्हिडिओ उपलब्ध नाही.

‘तोटी’ आठवड्यात चौदा लाख वेळा वाजलं. सरासरी ऐकण्याचा कालावधी अकरा सेकंदांवर आला. नऊ हजार कमेंट आल्या. त्यांत वहिनीची साडी कुठून घेतली, अशी विचारणा सर्वाधिक होती. त्या खालोखाल, वहिनी नाराज दिसत होत्या, भांडण झालं का, ही. एकाने पाण्याबद्दल विचारलं होतं, पण ते घागर पितळी आहे की तांब्याची यासंदर्भात होतं.

महादेवरावांनी तीन दिवस निलंबनाची वाट पाहिली. चौथ्या दिवशी अभिनंदनाचं पत्र आलं. विक्रमी लोकसहभागाबद्दल खारतळ पॅटर्न आणखी चाळीस गावांत राबवण्याचे आदेश त्यात होते. सोबत एक तपासणी अहवाल होता. त्याचा निष्कर्ष एका ओळीचा: ‘समारंभास दोन हजार नागरिक उपस्थित असून एकाचीही तक्रार प्राप्त नाही, सबब नळ सुरू असल्याचे समजण्यात यावे.’

सुगतने त्या दिवसानंतर काहीही टाकलेलं नाही. चाहते अस्वस्थ आहेत. लग्न मोडलं अशी चर्चा अकोल्यात आहे, झालं अशी अमरावतीत. हा मजकूर लिहिला जात असतानाही विचारणा सुरूच आहेत. वाचकांनाही तेच हवं आहे, हे उघड आहे. तिसऱ्या कडव्यानंतरचे परिच्छेद त्यांनी याच आशेवर वाचले.

सांगण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. एक लग्नाची आणि दुसरी पार्वताबाईंच्या नळाची. जागा एकीचीच उरली आहे. वाचकांचा कल लक्षात घेऊन ती पुढीलप्रमाणे देण्यात येत आहे.

लग्न झालं. नवरी छान दिसत होती.